खुब्याचे हाड मरते तेव्हा

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे एका अस्थिशल्यविशारदांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव कानाला थोडे चमत्कारिक वाटेल. माणूस जिवंत असताना त्याच्या हाडाचा एक तुकडा मरतो, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. हाड म्हणजे लाकूड किंवा दगड यांसारखी निर्जीव वस्तू, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हाड हे यकृताइतकेच जिवंत आहे. त्यात पेशी आहेत, त्या पेशींना प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून पोचतो. रक्तपुरवठा तुटला की काही तासांत मज्जेतील पेशी आणि एक-दोन दिवसांत हाडाच्या पेशी मरतात. वैद्यकात या विकाराला 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. डॉक्टर मंडळी आपसात बोलताना नुसते 'ए. व्ही. एन.' म्हणतात आणि रुग्णांच्या तोंडीही आता तेच नाव रुळले आहे. आपण त्याला अस्थिमृत्यू म्हणू.

हा विकार खांद्यात, गुडघ्यात, घोट्यातही होतो. परंतु सर्वांत अधिक होतो तो खुब्यात. त्याचे कारण खुब्याच्या रचनेतच आहे. कमरेच्या हाडात वाटीसारखी एक खोबण असते आणि मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे गोल टोक तीत बसते. हा गोळा मांडीच्या हाडाला एका अरुंद मानेने जोडलेला असतो. गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या मुख्य शाखा मांडीतील एका धमनीपासून निघून या मानेला बिलगून, मागच्या आणि वरच्या अंगाने चढत गोळ्यात शिरतात. गोळ्याच्या माथ्याकडून येणारी दुसरी एक बारीक वाहिनी आहे, पण प्रौढ माणसात तिचा आधार फारसा नसतो. टेकडीवरच्या वाडीला एकाच जलवाहिनीने पाणी जात असावे आणि ती वाहिनी वाटेत फुटली तर दुसरी सोय नसावी, अशी ही अवस्था आहे. नळपाणी योजना चालविणाऱ्यांना ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

ही वाहिनी तुटते कशी? पहिले कारण अपघाताचे. मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा गोळा खोबणीतून निखळला, तर धमनीच्या शाखा फाटतात किंवा ताणल्या जाऊन बंद होतात. मोटारसायकलच्या अपघातात निखळलेला खुबा सहा तासांच्या आत जागेवर बसविला, तर हाड वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. उशीर होईल तसतशी ती घटते. म्हणून अशा जखमीस आधी गावातील हाडवैद्याकडे नेऊन चोळामोळा करण्यात घालविलेला दिवस फार महाग पडतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या प्रसंगी जीव वाचविते, तसाच सांधाही वाचविते.

दुसरे कारण स्टिरॉइड औषधांचे. ही औषधे गुणकारी आहेत. दमा, त्वचाविकार, मूत्रपिंडाचे काही विकार, संधिवात यांत ती जीवरक्षक ठरतात. त्यांची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मोठ्या मात्रेत ती घेतल्यास काही जणांच्या खुब्यातील सूक्ष्म वाहिन्यांत मेदाचे कण आणि गुठळ्या अडकतात, मज्जेतील मेदपेशी फुगतात आणि हाडाच्या बंद पेटीत दाब वाढतो. या विकारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली ठरविलेल्या निकषांनुसार तीन महिन्यांच्या आत दोन ग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन, किंवा तितक्याच ताकदीचे दुसरे स्टिरॉइड, घेतले गेले असेल, तर पुढे होणारा अस्थिमृत्यू स्टिरॉइडजन्य समजावा. रोज चाळीस मिलिग्रॅम पन्नास दिवस घेतले की दोन ग्रॅम होतात. ही मर्यादाही काटेकोर नाही. कोविडच्या साथीनंतर, २०२१ साली, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या उपचारात त्यांना सरासरी ७५८ मिलिग्रॅमच प्रेडनिसोलोन मिळाले होते आणि सरासरी ५८ दिवसांत खुबा दुखू लागला होता. त्या दोन वर्षांत आपल्या गावातील ज्यांना प्राणवायू लावावा लागला, त्यांच्यापैकी कोणी पुढे लंगडू लागले असेल, तर ही गोष्ट आठवावी.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टिरॉइडपेक्षा मला अधिक धास्ती वाटते ती न लिहून दिलेल्या स्टिरॉइडची. सांधेदुखीवर आणि दम्यावर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेले आढळते. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस कामाला उभा राहतो, भूक लागते, तोंडावर गोलाई येते. औषध लागू पडले म्हणून घरचे खूष होतात. मात्र जो बरेच दिवस अशा पुड्या किंवा गोळ्या घेत आहे, त्याने त्या एकाएकी बंद करू नयेत. शरीराची स्वतःची स्टिरॉइड निर्मिती तोवर मंदावलेली असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

तिसरे कारण दारूचे. त्याच २०१९ च्या निकषांत आठवड्याला ४०० मिलिलिटरहून अधिक शुद्ध मद्यार्क, सहा महिन्यांहून अधिक काळ, अशी मर्यादा सांगितलेली आहे. रोज विदेशी मद्याची एक क्वार्टर घेणारा माणूस ती ओलांडून बराच पुढे गेलेला असतो. यकृत बिघडते हे सर्वांना माहीत आहे, खुबा बिघडतो हे फार थोड्यांना.

चौथे कारण आपल्या राज्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाटचा भाग आणि पश्चिमेकडे नंदुरबार या भागांतील अधिकाऱ्यांना या आजाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्यात तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठर बनतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्यातील वाहिन्या बारीक आणि पर्यायी मार्ग नाही. मग जे व्हायचे ते होते. सिकलसेलच्या रुग्णाला अधूनमधून हाडे दुखण्याची सवयच झालेली असते. त्यामुळे खुब्याचे दुखणे हे नेहमीचेच म्हणून सोडून दिले जाते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. तपासणीचे काम तेव्हापासून पुष्कळ झाले आहे. ज्या तरुणांचे निदान झाले आहे, त्यांच्या खुब्यांकडे लक्ष देणे हा या कामाचा पुढचा भाग आहे असे मी मानतो.

याखेरीज काही विरळ कारणे आहेत आणि कित्येक रुग्णांत कारण सापडतच नाही. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

मेलेले हाड कोसळते कधी?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हाड मेले म्हणजे लगेच खचते असे नाही. पेशी मेल्या तरी हाडाचा सांगाडा, म्हणजे चुन्याचे आणि तंतूंचे विणकाम, पूर्वीइतकेच मजबूत असते. वाळवी न लागलेला वठलेला साग जसा वर्षानुवर्षे उभा राहतो, तसे ते उभे राहते. धोका सुरू होतो तो शरीर दुरुस्तीला लागते तेव्हा. मेलेल्या भागाच्या कडेने नवीन वाहिन्या शिरतात आणि त्यांच्याबरोबर मृत हाड कुरतडून टाकणाऱ्या पेशीही येतात. जुने काढून टाकण्याचा वेग नवीन भरण्याच्या वेगाहून अधिक असतो. भिंत पाडून बांधायला घ्यावी आणि छताचे ओझे मात्र तसेच राहू द्यावे, असा हा प्रकार आहे. माणूस चालतच असतो, ओझी उचलत असतो, आणि साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. एक दिवस गुळगुळीत कूर्चेच्या लगेच खाली हाडाला तडा जातो. क्ष-किरण चित्रात हा तडा बारीक काळ्या चंद्रकोरीसारखा दिसतो आणि वैद्यकीय ग्रंथांतही त्याचे नाव चंद्रकोरीवरूनच पडलेले आहे. रम्य नावाचे इतके अशुभ चिन्ह दुसरे क्वचितच असेल. चंद्रकोर दिसल्यानंतर गोळा चपटा होऊ लागतो, मग वाटीही झिजते, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाचा सांधा सत्तर वर्षांच्या माणसासारखा होतो.

दुखणे सुरू झालेल्या आणि उपचार न झालेल्या बहुतेक रुग्णांत हा सर्व प्रवास दोन-तीन वर्षांत पुरा होतो. सांधा वाचविण्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया चंद्रकोरीच्या आधीच्या काळात करावयाच्या असतात. दुखण्याचा पहिला दिवस आणि गोळा खचण्याचा दिवस, या दोहोंमधील काही महिने हातचे जाऊ न देणे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आणि नेमके हेच महिने वाया जातात. दुखणे जांघेत सुरू होते, पण पुष्कळदा ते मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही मज्जातंतूंचा उगम एकच आहे. रुग्ण गुडघ्यावर हात ठेवतो, डॉक्टर गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढतात, ते निर्दोष येते, आणि वात म्हणून लेप आणि गोळ्या सुरू होतात. कधी कंबर तपासली जाते आणि मणक्यात थोडी झीज सापडतेच. चाळिशीनंतर ती कोणाच्याही मणक्यात सापडते. खुब्याचे क्ष-किरण चित्र काढले तरी आरंभीच्या काळात त्यात काहीच दिसत नाही. या टप्प्यात निदान होते ते एम. आर. आय. तपासणीने आणि ती जवळजवळ बिनचूक असते. तपासणी नेहमी दोन्ही खुब्यांची करावी. अपघाताखेरीज झालेल्या अस्थिमृत्यूत निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजू ग्रस्त असतात. एक दुखत असते आणि दुसरी मुकाट्याने त्याच वाटेवर असते. दुसरी बाजू वेळेवर सापडणे हे पुष्कळदा पहिल्या बाजूच्या दुखण्याने रुग्णावर केलेले उपकारच ठरतात.

यंत्राविना ओळखता येईल अशी एक खूण मात्र आपल्याकडे आहे. मांडी घालून बसणे. पाश्चात्य ग्रंथांत ही कसोटी मिळत नाही, कारण तिकडचा रुग्ण खुर्चीवर बसतो. खुबा बिघडू लागला की आत-बाहेर वळण्याची आणि फाकण्याची हालचाल आधी आखडते. पंगतीत बसताना एक गुडघा वर राहतो, भजनाला बसलेला माणूस पाय पसरून बसू लागतो, उकिडवे बसून निंदणी करणारी बाई ओळीत मागे पडते. चाळिशीच्या आतील माणसाला जांघेत किंवा गुडघ्यात सहा आठवड्यांहून अधिक दुखत असेल, मांडी घालता येत नसेल, आणि स्टिरॉइड, दारू, सिकलसेल किंवा जुना अपघात यांपैकी काही त्याच्या इतिहासात असेल, तर क्ष-किरण निर्दोष आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

सांधा वाचविण्याचे मार्ग

सर्वांत सोपी आणि सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे हाडाला भोक पाडणे. शब्द ऐकून घाबरू नये. मांडीच्या बाहेरच्या अंगाला लहानसा छेद घेतात, क्ष-किरण पडद्यावर पाहत एक तार मानेतून गोळ्याच्या मृत भागापर्यंत नेतात आणि त्या तारेवरून आठ-दहा मिलिमीटर रुंदीचा बोगदा कोरतात. काही शल्यविशारद त्याऐवजी तीन मिलिमीटरची अनेक भोके पाडतात. गोळ्यात कोंडलेला दाब मोकळा होतो आणि नवीन वाहिन्यांना आत शिरायला वाट मिळते. या उपचाराचा उगम मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील तुलूझ येथील फिका आणि आर्ले हे दोघे १९६० नंतरच्या दशकात केवळ निदानासाठी, हाडाचा नमुना काढून पाहण्यासाठी, असे भोक पाडीत असत. नमुना घेतलेल्या रुग्णांचे दुखणे थांबते असे त्यांच्या ध्यानात आले आणि तपासणीचाच उपचार झाला. फिका यांच्या नावाने ओळखली जाणारी या विकाराच्या टप्प्यांची वर्गवारी आजही शिकविली जाते.

या बोगद्यात पुढे काय भरावे, यावर गेली कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. पॅरिसचे डॉ. फिलिप एर्निगू यांनी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढून, ती यंत्रात फिरवून दाट करून, बोगद्यावाटे मृत भागात सोडण्याची पद्धत वापरली. त्यांनी २००२ साली ११६ रुग्णांच्या १८९ खुब्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांचा मागोवा पाच ते दहा वर्षे घेतलेला होता. गोळा खचण्यापूर्वी ज्या १४५ खुब्यांवर उपचार झाले, त्यांतील केवळ ९ खुबे पुढे बदलावे लागले. गोळा खचल्यानंतर ज्या ४४ खुब्यांवर हाच उपचार झाला, त्यांतील २५ बदलावे लागले. एका केंद्राच्या, एका कुशल हाताच्या या आकड्यांवरून सर्वत्र तसेच यश मिळेल असे मानता येणार नाही. परंतु या दोन आकड्यांमधील अंतर पाहावे. शस्त्रक्रिया तीच आणि शल्यविशारदही तेच. फरक होता तो गोळा खचण्याच्या आधी आणि नंतर, एवढाच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सिकलसेलच्या ४६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भोक पाडून नंतर व्यायाम दिलेले रुग्ण आणि केवळ व्यायाम दिलेले रुग्ण यांच्यात तीन वर्षांनी लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहे असा मी काढत नाही. नियमित, शास्त्रशुद्ध व्यायामाला आपण समजतो त्याहून अधिक किंमत आहे, असा काढतो. औषधांच्या बाबतीतही असेच घडले. हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालणारे अलेन्ड्रोनेट नावाचे औषध डॉ. अग्रवाला यांनी मुंबईत अनेक वर्षे वापरून चांगले अनुभव नोंदविले, तैवानमधील २००५ च्या एका चाचणीतही लाभ दिसला, आणि तेथीलच २०१२ च्या दुसऱ्या चाचणीत तो दिसला नाही. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्यापासून रुग्णाने सावध राहावे हे बरे.

मृत भाग मोठा असेल तर नुसते भोक पुरत नाही. गोळ्याचा पंधरा टक्क्यांहून कमी भाग मेलेला असेल तर आशा बरीच. तीस टक्क्यांहून अधिक, आणि तोही भार पेलणाऱ्या माथ्यावर, असेल तर थोडी. अशा वेळी हाडाची भर घालतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. जेम्स अर्बानियाक यांनी १९७९ पासून पायाच्या पोटरीतील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून खुब्यात बसविण्याची पद्धत रूढ केली. सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या टाक्यांनी वाहिन्या जोडतात. जिवंत हाडाचा खांब मेलेल्या माथ्याखाली उभा राहतो. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, मोठ्या केंद्रातच शक्य असते, आणि क्वचित पायाच्या अंगठ्याला आखडलेपणा येतो. याहून साधा मार्ग आपल्याच देशात विकसित झाला. कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनी मांडीतील स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा, स्नायूसह फिरवून गोळ्यात बसविला. स्नायूतून रक्त येतच राहते आणि वाहिन्या जोडण्याची, सूक्ष्मदर्शकाची गरज उरत नाही. त्यांचे निष्कर्ष १९९१ साली इंग्लंडमधील अस्थिशल्यशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साधने तुटपुंजी असलेल्या देशाला साजेशी ही युक्ती आहे आणि तिचे कौतुक आपल्याकडे व्हावे तितके झालेले नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत बुद्धिमान वाटतो. बैलगाडीच्या चाकाची धाव एका जागी झिजली म्हणून गाडी टाकून न देता चाक थोडे फिरवून ठेवावे, तसा. जपानमधील फुकुओका येथील डॉ. योइची सुगिओका यांनी १९७८ साली अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाची मान मुळाशी कापून गोळा तिच्या अक्षावर पुढे फिरवावयाचा, म्हणजे मेलेला माथा भाराखालून सरकतो आणि मागचा निरोगी भाग त्याच्या जागी येतो. हे करताना सुरुवातीला सांगितलेली ती एकुलती एक रक्तवाहिनी शाबूत राहिली पाहिजे. ती पिळली गेली तर उरलेलेही हाड मरते. जपानमध्ये या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष चांगले आले. इतर देशांत अनेकांना ते साधले नाहीत. शिवाय अशा फिरविलेल्या हाडात पुढे कधी कृत्रिम सांधा बसवावा लागला, तर ते काम अवघड होते. म्हणून हा मार्ग निवडक रुग्णांत आणि निवडक हातांनीच चोखाळावा.

त्या रक्तवाहिनीचा नेमका मार्ग स्वित्झर्लंडमधील बर्न येथे डॉ. राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने शोधला आणि २००१ साली, ती वाहिनी सांभाळून खुबा पूर्ण उघडण्याची पद्धत मांडली. तोपर्यंत गोळा शस्त्रक्रियेत बाहेर काढणे म्हणजे त्याला मारणेच, अशी धास्ती असे. आता शल्यविशारद गोळा डोळ्यांसमोर आणून, मेलेला भाग खरवडून, त्यात ताजे हाड भरून तो पुन्हा जागी बसवू शकतो.

कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? सांधाच का बदलू नये? जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९६२ मध्ये आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला आणि ती विसाव्या शतकातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. गोळा खचून सांधा झिजला असेल, तर मी स्वतः तीच सुचवितो, आणि सांधा बदलावा लागला म्हणजे काही तरी हुकले असे रुग्णाने मानू नये. पण कृत्रिम सांध्याला आयुष्य असते. अनेक देशांच्या नोंदींवरून २०१९ साली काढलेल्या अंदाजानुसार पंचवीस वर्षांनी सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे टिकून असतात. पासष्टाव्या वर्षी सांधा बदललेल्याला ते पुरेसे आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी बदलणाऱ्याला दुसऱ्यांदा, कदाचित तिसऱ्यांदा, शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागेल आणि प्रत्येक वेळी ती अधिक कठीण होत जाते. त्यात आपल्याकडे रुग्णाला सांगितले जाते, उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, खाली बसून शौचास जाऊ नका. शहरातल्या माणसाला हे जमते. भात लावणारीला, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला, ऊसतोडणी कामगाराला ही पथ्ये म्हणजे व्यवसाय सोडणेच होय. म्हणून त्यांचा स्वतःचा खुबा दहा वर्षे जरी अधिक टिकला, तरी ती दहा वर्षे मोलाची आहेत.

शाळेतील लंगडणारे मूल

शिक्षकांसाठी थोडे वेगळे सांगावयाचे आहे. लहान मुलांतही खुब्याचा गोळा मरतो. बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्वे आणि जर्मनीचे पेर्थेस यांनी १९१० साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले; आज आपण त्यास पेर्थेसचा आजार म्हणतो. तो बहुधा चार ते आठ वर्षांच्या वयात होतो, मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर तो विशेष आढळतो, असे मणिपाळच्या संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिले आहे.

मुलांच्या बाबतीत निसर्ग अधिक उदार आहे. मेलेला गोळा दोन-चार वर्षांत आपणहून पुन्हा जिवंत होतो. मात्र मधल्या काळात तो ओल्या मातीसारखा मऊ असतो आणि खोबणीच्या बाहेर डोकावला तर तसाच चपटा होऊन घट्ट होतो. म्हणून मातीचा गोळा साच्यात ठेवावा तसा तो खोबणीत पूर्ण झाकून ठेवणे, हे उपचाराचे सूत्र. कधी प्लास्टर आणि व्यायाम यांनी भागते. मोठ्या मुलात मांडीच्या हाडाचा कोन बदलून किंवा टोरांटोचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांच्या पद्धतीने खोबणीचे हाड कापून वळवून गोळा झाकतात. हेही वेळेवर व्हावे लागते.

असे मूल फारसे रडत नाही. ते लंगडते, खेळाच्या तासाला मागे राहते, विचारले तर गुडघा दाखविते. घरच्यांना वाटते की पडले असेल. रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत त्याला चालताना पाहणारे शिक्षकच असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ लंगडणारे मूल शाळेच्या आरोग्य तपासणीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि चिठ्ठीवर 'गुडघा दुखतो' एवढेच न लिहिता 'लंगडतो, खुबा तपासावा' असे लिहावे. ते मूल योग्य तपासणीपर्यंत पोचण्यास ही दोन वाक्ये फार उपयोगी पडतात.

गावपातळीवरील काही गोष्टी

आता व्यवहाराचे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, कोणती कागदपत्रे लागतात, हे रुग्णालयात भरती होण्यापूर्वी त्यांच्याकडून समजून घ्यावे. पैसे भरल्यानंतर नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार मान्य आहेत आणि त्यांत सिकलसेलचाही समावेश आहे. सांधा निकामी झालेल्या अनेकांना प्रमाणपत्र मिळू शकते याची कल्पनाच नसते. ग्रामसेवकांनी आणि सदस्यांनी एवढी माहिती हाताशी ठेवली, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-तीन खेपा वाचतात.

शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतो तो तिच्यानंतरचा काळ. साध्या भोक पाडण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यावयाचा नसतो. हाडाची भर घातली असेल तर कित्येक महिने. बोगदा पाडलेले हाड त्या काळात कमकुवत असते आणि घाई केल्यास मोडू शकते. टाके आठ-पंधरा दिवसांत निघतात, दुखणे कमी झालेले असते, पेरणीचे दिवस असतात, आणि माणूस कुबड्या कोपऱ्यात ठेवून औताला हात घालतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्या सहा आठवड्यांत घरात काय शिजणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न खरा असतो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरविताना शेतीचा हंगाम विचारात घ्यावा, पण काही महिने पुढे ढकलू नये, कारण हाड हंगामासाठी थांबत नाही. कर्ता माणूस कुबड्यांवर असताना त्या घरातील दुसऱ्या कोणास रोजगार हमीचे काम मिळवून देणे, आळीपाळीने त्याची पाळी-पेरणी करून देणे, हे पंचायतीच्या आणि भाऊबंदांच्या हातचे आहे. ज्या घराला असा आधार मिळतो, त्या घरचा रुग्ण कुबड्या वेळेआधी टाकून देत नाही.

कुबड्यांविषयी शेवटचे. त्या काखेत दाबून त्यांवर लटकू नये, तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडतो; भार तळहातांवर घ्यावा. उंची अशी असावी की काखेखाली दोन-तीन बोटे जागा राहील. खालच्या रबरी टोप्या झिजल्या की लगेच बदलाव्यात. नव्याने सारवलेल्या ओल्या जमिनीवर आणि न्हाणीघरातील शहाबादी फरशीवर त्या हमखास घसरतात. तेवढ्या दिवसांत घरच्यांनी रुग्णाच्या वाटेत सारवण करू नये आणि न्हाणीत गोणपाट अंथरून ठेवावे.